जोडीदाराला अल्झायमर: कामांचा क्रम चुकू नये म्हणून

गेल्या वर्षभरात चौघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. बायकोला (एकीच्या बाबतीत नवऱ्याला) आता सही जमत नाही, बँकेचं आणि जमिनीचं काय करायचं? चौघांनाही जड मनाने सांगावं लागलं की हे काम निदान झालं त्या महिन्यातच उरकायला हवं होतं. हिला अल्झायमर असल्याचं कळून आता सात वर्षं होतील, आणि आमच्याही घरी हाच घोळ झाला. दाराची वरची कडी बसली ती ही एकदा पहाटे रस्त्यावर सापडल्यावर. मदतीला बाई आली ती माझी कंबर धरल्यावर.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, आणि प्रत्येक गोष्ट गरज भासण्याच्या एक पायरी आधी करा. मी बायकोबद्दल लिहितोय. तुमच्या घरी नवरा आजारी असेल तर तसं वाचा.

टप्पा १: डॉक्टरकडे जाण्याआधीचे पंधरा दिवस

एक वही करा आणि रोज तारीख घालून लिहा. "विसरते" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. "सोमवारी गॅस चालू ठेवून देवळात गेली. बुधवारी नारळाला पाचशेची नोट देऊन सुटे न घेताच आली. शुक्रवारी सख्ख्या बहिणीचं नाव आठवलं नाही." असं लिहिलं की कळतं. हे हळूहळू वाढत गेलं की एकाएकी सुरू झालं, तेही लिहा. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत भरून न्या. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तरही विसरण्यात धरलं जातं.

ही वही तिच्यासमोर वाचून दाखवू नका. पहिल्या भेटीत मी तेच केलं, आणि ही परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. मुद्दे कागदावर लिहून आधीच आत पाठवा.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये न्यूरोलॉजी विभाग आहे आणि तिथेच मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे आयपीएचबी आहे. कुठेही गेलात तरी बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या रक्ततपासण्या आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय याबद्दल विचारा. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही स्मरणशक्ती ढासळते, आणि त्यांवर इलाज आहे. अल्झायमरचं नाव घेण्याआधी हे सगळं पाहून झालेलं असलं पाहिजे.

स्मरणशक्तीची चाचणी तिच्या भाषेत घ्यायला सांगा. हिचं बोलणं कोंकणीत, शाळा मराठीत. पहिली चाचणी इंग्रजीत झाली आणि गुण फार कमी पडले. पुढच्या वेळी कोंकणीत विचारलं तेव्हा बरेच सुधारले.

*निघण्यापूर्वी हे विचारलंत का?* आजार नेमका कोणत्या प्रकारचा? गोळी कशासाठी? तिचा त्रास झाला तर काय दिसेल? पुढची तारीख कोणती? डोनेपेझिलसारख्या गोळीने आजार थांबत नाही, काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. मळमळ, जुलाब, मंद नाडी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर लगेच कळवा. रिव्हास्टिग्मिनचा पट्टा (याच आजारावरचं, कातडीला चिकटवायचं औषध) लावत असाल तर जुना काढूनच नवा चिकटवा.

*सावधान:* सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या (क्लोरफेनिरामीन त्यातलीच), तसंच लघवी आवरण्याची काही औषधं गोंधळ वाढवतात. फार्मसीतून स्वतःच्या मनाने काहीही आणू नका. आणि दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलून तीन-तीन चिठ्ठ्यांच्या गोळ्या एकदम देऊ नका. एकच डॉक्टर धरा.

टप्पा २: पहिले तीन महिने कागदांचे

बहुतेक घरं इथेच चुकतात. निदानाच्या धक्क्यात कागदांचं नाव काढायला लाज वाटते, आणि सुरुवातीच्या काळात माणूस इतका नीट बोलत असतो की घाई कशाला असं वाटतं. तो नीट बोलत असतो तेव्हाच ही कामं व्हायला हवीत. तिला आजाराचं नाव सांगा. मी सांगितलं. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच कपाटातली फाईल काढून दिली.

क्रम असा ठेवा:

१. बँक. सगळी खाती दोघांच्या नावावर करा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने. नॉमिनीचं नाव तपासा.

२. मोबाईल. आधार, बँक, पेन्शन यांना तिचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी तिच्याच फोनवर येणार, आणि तो फोन एक दिवस तांदळाच्या डब्यात सापडणार. नंबर वेळीच बदला.

३. पेन्शन. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो. त्याचीच डिजिटल सोय असलेलं जीवन प्रमाण आता चेहरा दाखवून मोबाईलवरही होतं, ते आत्ताच शिकून ठेवा.

४. घर आणि जमीन. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. एकाला व्यवहार समजेनासा झाला की कोर्टात गेल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. वाटणी, विक्री, भेटपत्र यांतलं काही मनात असेल तर आधी वकिलाकडे जा.

५. मृत्युपत्र. मुलं असतील तर इथल्या कायद्याने अर्ध्या हिश्श्यावर त्यांचा हक्क असतो आणि उरलेल्या अर्ध्याबद्दलच मृत्युपत्र करता येतं. त्या दिवशी तिला सगळं समजत होतं असा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा.

६. उपचारांबद्दल तिची इच्छा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते.

*सावधान:* "मुखत्यारपत्र केलंय, आता चिंता नाही" असं अनेक जण समजतात. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की तेही संपतं. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठात अर्ज करण्याची वेळ येते. आणि समजत नसताना हात धरून अंगठा उठवणं कायद्यात टिकत नाही. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याच्याशी असं वागूही नये.

टप्पा ३: घर

सगळं घर एका दिवसात बदलू नका. पलंग हलला, कपाट फिरलं की ती स्वतःच्याच घरात परकी होते. धोक्याच्या क्रमाने जा: पाणी, आग, विष, पायऱ्या.

पाणी म्हणजे आधी विहीर. आपल्याकडे परसातली बाव कठडा असूनही उघडी असते. तिच्यावर लोखंडी जाळी आणि कुलूप आत्ताच बसवा, ती अजून नीट चालते-फिरते तेव्हाच. मग गॅस: रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, काडेपेटी वर. न्हाणीत पाणी तापवण्याचं भाण असेल तर त्याच्यापाशी तिला एकटी सोडू नका.

कुळागरवाल्यांनी (सुपारीच्या बागा असणाऱ्यांनी) एक गोष्ट विशेष जपावी. सुपारीवर फवारायचं मोरचूद, उंदरांचं औषध, फिनेल हे सगळं कुलपात गेलं पाहिजे. सरबताच्या बाटलीत भरलेलं फिनेल तिच्यासाठी सरबतच असतं.

पावसाळ्याआधी चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढा आणि अंगणाच्या वाटेला धरायला बांबूचा कठडा करा. उंबरठ्यांवर भडक रंगाची पट्टी मारा. शौचालयाकडच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा. आषाढ-श्रावणात वीज जाते, म्हणून तोच दिवा इन्व्हर्टरवर घ्या. आरशात "ती बाई कोण?" असं विचारू लागली तर आरसा झाका.

*तपासून पाहा:* रात्री दहाला दिवे मालवून तुम्ही स्वतः तिच्या पलंगापासून शौचालयापर्यंत अनवाणी चालत जा. कुठे अडखळलात, तिथे उद्या काम आहे.

टप्पा ४: दिवसाची घडी आणि बोलणं

उठणं, चहा, आंघोळ, जेवण, झोप रोज त्याच वेळी. मधल्या वेळात हाताला काम द्या, आणि ते तिच्या आयुष्यातलंच असू द्या: पूजेची फुलं, वाती वळणं, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं. ही तेच तांदूळ दोनदा निवडते. निवडू द्या. काम नीट झालं की नाही हे बघायचं नसतं, तेवढा वेळ ती शांत असते ते बघायचं.

बोलण्यातली सगळ्यात मोठी चूक आम्ही सगळे प्रेमापोटीच करतो: "ओळख बघू मी कोण?" ही परीक्षा आहे, आणि ती दर वेळी नापास होते. पाहुण्यांना फाटकातच सांगून ठेवा की समोर जाऊन आपलं नाव सांगायचं: "वयनी, मी शांताचा मुलगा, फोंड्याहून आलो." तुम्हीही "आठवतं का" हे शब्द सोडून द्या.

तीन प्रसंग रोज येतात, त्यांची उत्तरं आधीच ठरवून ठेवा.

"म्हाका घरा वचपाचें" (मला घरी जायचंय). हेच तर घर, असं सांगून भागत नाही, चिडचिड वाढते. घरी कोण कोण आहे ते विचारा, तिथली एखादी गोष्ट काढा, मग हात धरून तुळशीपर्यंत, फाटकापर्यंत जाऊन या. परत येईपर्यंत बहुधा ओढ ओसरलेली असते.

"माझे पैसे चोरले." मी नाही घेतले, असं म्हणू नका. "चल, शोधूया" म्हणा. तसलाच दुसरा बटवा, आत दहाच्या चार नोटा, असा तयार ठेवा.

"आई कुठे आहे?" तिची आई वारून तीस वर्षं झाली. खरं सांगितलं तेव्हा तिने नव्याने सुतक धरलं, आणि तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. आता मी विचारतो, "आई तुला काय करून घालायची गं?" यात फसवणूक आहे असं मला फार दिवस वाटत राहिलं. आता वाटत नाही.

टप्पा ५: आंघोळ

भांडणं सगळ्यात जास्त इथे होतात, कारण आपण थेट "चल आंघोळीला" म्हणतो. क्रम बदला.

१. ती पूर्वी ज्या वेळी आंघोळ करायची तीच वेळ ठेवा.
२. तिला बोलावण्याआधी सगळी तयारी करा: पाणी स्वतःच्या कोपरावर तपासून कोमट केलेलं, स्टूल, रबरी चटई, दोन टॉवेल, कपडे घालायच्या क्रमाने रचलेले.
३. "पाय धुऊया" एवढंच म्हणून सुरुवात करा.
४. खांद्यांवर पातळ पंचा असू द्या. उघडं पडण्याची लाज आजारात जात नाही, आणि नवरा असलो तरी कधी कधी मी तिला परका वाटतो.
५. तांब्या तिच्या हातात द्या. आधी पाय, मग हात, मग पाठ. डोक्यावर पाणी शेवटी, किंवा त्या दिवशी राहू द्या.
६. एका वेळी एकच सूचना. "हात वर कर." थांबा. मग पुढची.
७. पुसताना काखा, स्तनांखालची आणि मांड्यांमधली जागा कोरडी करा. गोव्याच्या दमट हवेत तिथे लगेच कातडी सोलवटते.

नकार आला तर वाद नको. वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. रोज आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही, ओल्या पंचाने पुसून घेतलं तरी चालतं.

शौचासाठी दर दोन तासांनी स्वतःहून न्या. नाडीच्या परकराऐवजी इलॅस्टिकचे कपडे घ्या. शौचालयाचं दार उघडं ठेवा, म्हणजे ते नजरेस पडतं.

टप्पा ६: जेवण

पांढऱ्या ताटात पांढरं शीत तिला वेगळं दिसत नाही. रंगीत ताट घ्या आणि एका वेळी एकच पदार्थ वाढा. टीव्ही बंद.

नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) आपलं जेवण होत नाही, आणि धोका तिथेच आहे. काटा जिभेने ओळखून बाहेर काढण्याची सवय या आजारात जाते. बांगडा, तारली ताटात देणं बंद करा. इसवणाचा (सुरमईचा) मधला तुकडा, मोरी (लहान शार्क), सोललेली सुंगटं (कोळंबी) द्या, आणि तीही स्वयंपाकघरातच बोटांनी चाचपून, बारीक करून. काटा काढण्याचं काम ताटावर करू नका. तेवढ्यात घास तोंडात गेलेला असतो.

जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. पाणी पिताना ठसका लागू लागला, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा येऊ लागला, तर गिळणं बिघडतंय. डॉक्टरांना सांगा. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज बऱ्याच जणांना सोपी जाते, पण किती दाट द्यायची ते विचारून ठरवा.

*तपासून पाहा:* महिन्यातून एकदा वजन. वजन घटत असेल तर आधी दात आणि कवळी बघा.

टप्पा ७: संध्याकाळ, आणि एकाएकी बिघडणं

तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते. दिवेलागणीची वाट न पाहता पाचलाच दिवे लावा, पडदे ओढा, चहासोबत काहीतरी खायला द्या. शुभंकरोती, ओळखीचं भजन लावा. बोलताना वाक्य सापडत नाही तिला अभंग मात्र अख्खा येतो.

पण एक फरक नीट समजून घ्या. अल्झायमर महिन्या-महिन्यांनी हळूहळू वाढत जातो. काल बरी होती आणि आज गुंगीत आहे, भलतंच बडबडते, माणसं दिसतात म्हणते, असं तासा-दिवसांत झालं तर त्यामागे लघवीचा संसर्ग, न्युमोनिया, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवीन गोळी असू शकते. "आजार वाढला" असं समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आम्ही तीन दिवस थांबलो आणि हिला आठवडाभर इस्पितळात राहावं लागलं.

*सावधान:* शांत करण्याची गोळी स्वतःहून मागू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मनोविकारावरच्या अशा औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. आधी दुखणं, भूक, लघवी, आवाज ही कारणं शोधा. डॉक्टरांनी दिलीच तर ती किती दिवस द्यायची ते विचारून वहीत लिहा.

चवथीला घर भरतं. तिच्यासाठी मागची एक खोली शांत ठेवा, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली) थोडा वेळ बसवा, आरतीच्या गलक्याआधी आत न्या.

टप्पा ८: बाहेर निघून जाणं

एकदाही घडलेलं नसलं तरी ही तयारी आजच करा. ताजा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नाव आणि तुमचा नंबर कोरलेलं कडं हातात, तोच नंबर कपड्यांच्या आत शिवलेला. दाराला कडी अगदी वर किंवा अगदी खाली. ती आत आणि तुम्ही बाहेर असताना दार बाहेरून बंद करून जाऊ नका. आग लागली तर सुटका नाही. शेजारी, कोपऱ्यावरचा पोदेर (पाववाला), कदंब बसच्या थांब्यावरचा गाडेवाला, जवळ फेरीबोट असेल तर धक्क्यावरचे लोक, सगळ्यांना सांगून ठेवा. हे लपवण्यासारखं नाही.

दिसली नाही तर: पहिली पाच मिनिटं घर, न्हाणी, परसू. मग लगेच विहीर, तळी, ओहोळ, खाजनाचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध, कारण पाण्याजवळ वेळ मिळत नाही. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ लावायचा. चोवीस तास थांबावं लागतं असा कसलाही नियम नाही. मग तिची जुनी ठिकाणं: माहेरची वाट, शाळा, देऊळ. ही सापडली ती तिच्या माहेराकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर.

सापडल्यावर रागावू नका. "कुठे गेली होतीस" विचारू नका. पाणी द्या, घरी आणा.

टप्पा ९: तुमची सोय

मदतनीस तुम्ही धडधाकट असतानाच ठेवा. "तुला सांभाळायला बाई आणली" म्हटलं की ती पहिल्याच दिवशी हाकलली जाते. आधी दोन आठवडे ती तुमच्या हाताखाली स्वयंपाकात असू द्या, मग वेणी-फणी, मग आंघोळ. तिला जेवढं तुम्ही शिकवाल तेवढंच ती करील, म्हणून वरचे टप्पे तिलाही वाचून दाखवा.

आठवड्यातला अर्धा दिवस तुमचा, आणि तो वार ठरलेला. गोव्यातल्याच ८१ कुटुंबांसोबत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी येऊन मार्गदर्शन करणाऱ्यांच्या मदतीने काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं. मन फारच खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तुमच्यासाठीही आहे. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

ती अंथरुणाला खिळण्याआधी डॉक्टरांशी एकदा स्पष्ट बोला: गिळणं थांबलं तर नळी घालायची का, कोणत्या दुखण्यासाठी इस्पितळात न्यायचं आणि कशासाठी घरीच राहू द्यायचं. पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरमध्ये नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. हाताने सावकाश भरवणं हाच बहुधा सल्ला मिळतो. खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने उचलून ठेवा, माकडहाड रोज पाहा. तिथे लाली दाबूनही जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे.

आणि पहिल्या टप्प्यातली ती वही फेकू नका. तिच्या पहिल्या पानावर औषधं, वेळा, डॉक्टरांचा नंबर, मुलांचे नंबर लिहा. खाली तिच्या सवयी: कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणत्या हाकेला ओ देते, कशाला घाबरते. ते पान दाराजवळ टांगून ठेवा. मला एका रात्री अचानक ताप भरला, तेव्हा शेजारच्या वयनीने ते पान वाचून सकाळी हिला चहा दिला: साखर अर्धा चमचा, बशीत ओतून, आणि कप तिच्या उजव्या हाताला.